चिखल्याचा डावा पंख

पक्ष्याचा पंख मोडला आहे याबद्दल पुरावेसाहेबांना त्या सकाळी तिळमात्र शंका आली नाही. शंका न येण्याची त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच वेळ. पुढची सगळी भानगड तिथून सुरू झाली.

पुरावे हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासण्यात त्यांची हयात गेली होती आणि अजून थोडी जायची होती. 'पुरावा काय?' हा प्रश्न ते ऑफिसात विचारत, घरी विचारत आणि भाजी ताजी आहे असं शपथेवर सांगणाऱ्या भाजीवाल्यालाही विचारत. इमारतीतल्या लोकांनी त्यांच्या माघारी ठेवलेलं हे नाव नव्या भाडेकरूंनी खरं मानलं, भाडेकरूंकडून ते कुरिअरवाल्याने उचललं, आणि आता साहेब दारात उभं राहून "मी पुरावे नाही" म्हणाले की तो विचारी, "कशावरून?"

खोटा दावा पकडण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाय मोडल्याचं सांगत लंगडत आलेल्या माणसाला ते अदबीने बसवत, चहा पाजत, मुलाबाळांची चौकशी करत, आणि तो निघाला की चष्मा पुसून त्याची पाठमोरी चाल बघत. डाव्या पायाने लंगडत आलेला माणूस चहानंतर उजव्या पायाने लंगडत गेला की साहेब शांतपणे फाइल मिटत. "तोंडाकडून पाठांतर करून घेता येतं," ते ऑफिसातल्या नव्या मुलांना सांगत, "पायाकडून नाही."

अशी नजर माणसाला घरी आल्यावर चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. एकदा संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, आज गुडघा फार ठणकतोय." साहेबांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "कुठला?"

"उजवा."

"मागच्या आठवड्यात डावा होता."

त्यानंतर त्या घरात गुडघ्याची तक्रार पुन्हा नोंदवली गेली नाही. अधूनमधून मलमाचा वास तेवढा यायचा.

तर ती सकाळ. डॉक्टरांनी साहेबांना रोज चालायला सांगितलं होतं. घरापासून समुद्र जवळ, पावसाने उघडीप दिल्यावर वाळू घट्ट आणि हवा स्वच्छ, तेव्हा चालायला हरकत काहीच नव्हती. अडचण एवढीच, की निव्वळ चालण्यासाठी चालणारा माणूस साहेबांना संशयास्पद वाटे. कामाशिवाय कोणी कुठे कशाला जाईल? ही अडचण ओळखून परगावी नोकरी करणाऱ्या मुलीने त्यांना एक दुर्बीण आणि पक्ष्यांचं एक सचित्र पुस्तक पाठवलं. चालण्याला काम मिळालं आणि साहेब किनाऱ्यावर रुजू झाले.

त्यांना ते जग बघता बघता आवडू लागलं, म्हणजे त्यात तपासण्यासारखं बरंच होतं. लाट मागे सरली की तुतवार पक्ष्यांची टोळी तिच्या मागे धावे, लाट पुढे आली की तीच टोळी पायाला पाय लावून पळे. साहेबांच्या मते हा वेळेचा अपव्यय होता. पावसाने वाहून आलेल्या शेवाळाच्या ढिगाखाली वाळूतल्या किड्यांची गर्दी असे. ढीग काठीने उचलला की सगळे एकदम उड्या मारत, आणि नेमका कोण कुठून कुठे गेला याची खात्री पटेपर्यंत पुन्हा सगळे गायब. चतुर हवेत एका जागी उभे राहत, जणू कोणी बोलावलं म्हणून आले आणि कशासाठी ते विसरले. एक चकचकीत हिरवा भुंगेरा चार पावलं सुसाट धावून थांबे, पुन्हा धावून थांबे. कशासाठी धावतो आणि कशासाठी थांबतो, हे साहेबांना कळेना. एकूण किनाऱ्यावर काहीच कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीच्या मागे लागणं हा तर त्यांचा धंदा.

खडकांच्या अलीकडे शंखशिंपल्यांचा चुरा पसरलेला एक पट्टा होता. त्यावरून ते चालले असताना पायापासून हातभर अंतरावरून एक चिमणीएवढा, वाळूच्या रंगाचा पक्षी ओरडत निघाला आणि डावा पंख जमिनीवर पसरून फरफटू लागला. साहेबांचं काळीज हललं. त्यांनी रुमाल काढला. पक्षी हाताशी आला असं वाटावं आणि त्याने वीतभर पुढे सरकावं. पुन्हा वाकावं, पुन्हा वीतभर. असं करत साहेब पार खडकांपाशी पोचले, तिथे एका लाटेने त्यांचे बूट भिजवले, आणि वर बघतात तो पक्षी नाही.

पुस्तकात बघितलं. चिखल्या.

"पंख मोडलेला पक्षी उडून कसा गेला?" घरी बायकोने विचारलं.

"उडाला असं कोण म्हणालं? दिसेनासा झाला."

"आणि तुमचे बूट?"

"तो वेगळा विषय आहे."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच जागी गेले. चिखल्या पुन्हा ओरडत निघाला आणि फरफटू लागला. पण या वेळी उजवा पंख.

इथे वाचकाला वाटेल, की इतक्या वर्षांचा मुरलेला तपासनीस आता चष्मा पुसून फाइल मिटणार. तसं झालं नाही. पाखरू खोटं बोलेल हे साहेबांच्या डोक्यातच आलं नाही. त्याला कुठे भरपाई घ्यायची होती! त्यांनी शांतपणे विचार केला आणि निष्कर्ष काढला, की हा दुसरा पक्षी आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा डावा पंख दिसला, तो तिसरा पक्षी. एकाच वळणावर लागोपाठ तीन अपघात झाले, तर दोष गाड्यांचा नसतो, वळणाचा असतो. त्या पट्ट्यात वाळूखाली काहीतरी आहे: तार, काच, जाळ्याचा तुकडा. पक्षी उतरतात आणि पंख मोडून घेतात. निष्कर्ष इतका नेटका होता, की साहेब घरी येताना शीळ घालत आले.

तळमजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहत. कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असे, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय जिना चढता येत नसे.

"आधी त्यांच्या पोटाचं बघा," हेडमास्तर म्हणाले. "पंख मोडलेला पक्षी भक्ष्य कसं पकडणार? उपासमारीने जाईल बिचारा. काय खातो तो?"

"पुस्तकात किडे म्हटलंय."

"मग किडे न्या! इतकं साधं आहे!"

साहेबांनी त्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा पहिला हाताला लागलेला स्टीलचा डबा उचलला, त्यातली बिस्किटं ताटलीत ओतली आणि किनाऱ्यावर जाऊन शेवाळाखालचे उड्या मारणारे किडे त्यात भरले. झाकण घट्ट लावून डबा होता त्या जागी ठेवला. सकाळी घेऊन जायचा.

तो डबा त्यांचा नव्हता. तो सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा होता, आणि बायकोने तो परत करायचा म्हणून बिस्किटांनी भरून ठेवला होता. साहेब हातपाय धूत असताना सेक्रेटरीबाई डबा घ्यायला आल्या, बायकोने तो हसतमुखाने त्यांच्या हाती दिला, आणि थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरून जो आवाज आला त्याने समोरच्या इमारतीतल्या लोकांनीही खिडक्या उघडल्या.

"माझ्या सोफ्यात गेलेत ते!" सेक्रेटरीबाई जिन्यात उभ्या राहून थरथरत होत्या. "माझे पाहुणे बसले होते हो! एकाच्या कपात पडला!"

"किती गेले सोफ्यात?" साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. बायकोने त्यांना कोपराने ढोसलं.

मग सगळं सांगणं भाग पडलं. जखमी पक्षी, उपासमार, वाळूखालची तार. आणि इथेच गोष्ट हाताबाहेर गेली, कारण सेक्रेटरीबाईंना जितका राग किड्यांचा येई त्याहून जास्त ओढ मोहिमांची होती. त्यांचा चेहरा पालटला. "म्हणजे उद्या तिथे आपली माणसं चालतील, त्यांच्या पायात ती तार गेली तर?" त्या म्हणाल्या. "पुरावेभाऊ, हा विषय सोसायटीने हातात घेतला असं समजा."

साहेबांना आपला विषय दुसऱ्याने हातात घेतलेला आवडला नाही. म्हणून त्यांनीच सकाळी नगरपालिकेला फोन केला.

"जखमी पक्षी? आमच्याकडे चार पायांचे येतात," पहिल्या खात्याने सांगितलं.

दुसऱ्या खात्याने विचारलं, "झाडावर आहे का? झाडावर असेल तर आमचा."

"समुद्रकिनाऱ्यावर आहे."

"मग किनारा विभाग."

किनारा विभागातल्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "पक्षी भरतीच्या रेषेच्या आत आहे की बाहेर?"

"तो चालतो हो. कधी आत असतो, कधी बाहेर."

"तसं चालत नाही. आतला आमचा, बाहेरचा नाही. तो एका जागी थांबला की फोन करा."

साहेबांना मनातून या गृहस्थांबद्दल आदर वाटला. इतकं काटेकोर काम हल्ली कोण करतं! ते धीर करून म्हणाले, "पक्षी बाजूला ठेवू. ती जागाच धोकादायक आहे."

"असं सांगा ना! अपघाताची जागा! त्याला रकाना आहे आमच्या अर्जात."

आणि नगरपालिकेत न भूतो असं घडलं. दोन दिवसांत उत्तर आलं: निरीक्षक येतील, पाहणी करतील, आणि लगेच तो सगळा पट्टा यंत्राने खणून, चाळून, सपाट करून देतील. सेक्रेटरीबाईंनी ते पत्र लिफ्टमध्ये चिकटवलं आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी यावे.'

ठरलेल्या सकाळी साहेब सगळ्यांच्या आधी निघाले. रात्रभर पाऊस पडून नुकताच थांबला होता. पाहणीच्या वेळी नेमकी जखमी पाखरं जागेवर हजर असावीत, एवढीच त्यांना काळजी. पट्ट्याच्या अलीकडे एक पालथी घातलेली जुनी होडी होती. बुटात वाळू गेली म्हणून ते तिच्या आडोशाला बसले आणि सहज दुर्बीण डोळ्याला लावली.

चुऱ्यावरून एक कुत्रं हुंगत चाललं होतं. त्याच्या नाकासमोरून चिखल्या उठला आणि डावा पंख पसरून फरफटू लागला. कुत्रं मागे धावलं. पक्षी वीतभर पुढे, कुत्रं मागे. साहेब ओरडणार, तेवढ्यात दोघे खडकांपाशी पोचले. आणि तिथे त्या मोडक्या पंखाच्या, उपाशी, मरणपंथाला लागलेल्या पक्ष्याने दोन्ही पंख व्यवस्थित मिटले, पुन्हा उघडले आणि तो मजेत उडून समुद्रावर एक गिरकी घेऊन आला. कुत्रं लाटेत उभं राहून भिजलेल्या पायांकडे बघत होतं.

साहेबांना त्या कुत्र्याचा चेहरा फार ओळखीचा वाटला.

चिखल्या परत आला. उतरला, इकडेतिकडे बघत तुरुतुरु चालला, आणि शिंपल्यांच्या चुऱ्यात एका जागी अंग फुलवून बसला. जरा सरकून बसला तेव्हा त्याच्या पोटाखाली काहीतरी ठिपकेदार दिसलं. अंडी. वाळूच्याच रंगाची. दुसरा चिखल्या जवळ आला, पहिला उठला, दुसरा बसला. म्हणजे पक्षी दोनच. अपघात एकही नाही. डावा, उजवा, डावा. ऑफिसातला कालचा पोरगाही पहिल्या चहात पकडेल असा दावा, आणि साहेबांनी तो मंजूर करून वर तीन खात्यांना फोन केले होते.

त्यांना काय वाटावं हे त्यांना ठरवता येईना. राग येत होता, आणि हसूही. त्या दोन्हींच्या खालून भीती वर येत होती, कारण मागून यंत्राची घरघर ऐकू येऊ लागली होती.

वळून बघतात तो अख्खी सोसायटी. पुढे सेक्रेटरीबाई, त्यांच्याबरोबर छत्री काखेत मारलेले निरीक्षक, मग हेडमास्तर, मागे रेतीत डुलत येणारा पिवळा बुलडोझर, आणि सगळ्यांच्या शेवटी, पाय जपून टाकत येणारी बायको. ती होडीपाशी पोचली आणि टेकली. "व्हा तुम्ही पुढे," म्हणाली.

साहेब हात आडवे पसरून उभे राहिले. "थांबा! पाहणी रद्द! तार नाही, काच नाही, काही नाही. पक्षी ठणठणीत आहे. नाटक करतोय."

"कोण नाटक करतोय?" निरीक्षकांनी विचारलं.

"चिखल्या. तिथे अंडी आहेत. आपल्याला लांब न्यायला तो पंख मोडल्याचं सोंग करतो."

सगळे चुऱ्याकडे बघू लागले. गोंगाटाने पक्षी केव्हाच उडाले होते. पसरलेल्या शिंपल्यांवर फक्त एक हिरवा भुंगेरा धावत होता आणि थांबत होता.

"कुठे आहेत अंडी?"

साहेबांनी बोट दाखवलं. मग जरा डावीकडे दाखवलं. मग त्यांनाच कळेना. सगळीकडे ठिपके, सगळीकडे वाळू.

हेडमास्तर घसा साफ करून म्हणाले, "पुरावेसाहेब, राग मानू नका. पण पुरावा?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांचे कान गरम झाले. इतकी वर्षं हा शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडत होता, समोरून अंगावर येतो तेव्हा कसा लागतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

"अहो, हातच्या कांकणासारखं आहे का हे? थोडं लांबून–"

"आपण शोधू ना मग," सेक्रेटरीबाई उत्साहाने म्हणाल्या. "चला सगळे! एका रांगेत, खाली बघत चला. सापडली तर ठीक, नाहीतर यंत्र लावू."

आणि रांग पुढे निघाली. रबरी चपला, बूट, निरीक्षकांचे चामडी जोडे. हेडमास्तर काठीने चुरा उकरत होते. साहेब "नका, नका" म्हणत होते आणि कोणी ऐकत नव्हतं. आणखी थोडी पावलं, की कोणाच्या तरी टाचेखाली सगळा विषय निकालात निघाला असता.

त्या वेळी साहेबांनी जे केलं ते करण्याआधी त्यांनी विचार केला, असं म्हणता येणार नाही. ते धावत रांगेच्या पुढे गेले, तिथून समुद्राच्या बाजूला वळले, आणि "आई गं!" असं ओरडून धाडकन वाळूत आडवे झाले.

"काय झालं?" सगळ्या चपला वळल्या.

"पाय!" साहेब कळवळून म्हणाले आणि लोक जवळ येईपर्यंत उठून, पाय फरफटत, थोडे आणखी पुढे गेले. लोक मागे आले. साहेब हाताशी आले असं त्यांना वाटे, आणि साहेब "टेकू द्या, तिकडे खडकावर टेकू द्या," म्हणत पुढे सरकत. निरीक्षक मागे, हेडमास्तर मागे, बुलडोझरवरचा माणूससुद्धा यंत्र बंद करून मागे. खडकांपाशी एका लाटेने सगळ्यांचे पाय भिजवले.

"बघा!" सेक्रेटरीबाई निरीक्षकांना म्हणाल्या. "मी म्हणत होते ना, जागाच वाईट आहे!"

निरीक्षकांनी खिशातून पेन काढलं. "कुठला पाय?"

"डावा," साहेब म्हणाले.

ते श्वास रोखून पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. कसा पडलात? कशाला अडखळलात? सूज आहे का, दाखवा. साक्षीदार? पण निरीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "माणूस पडला म्हटल्यावर प्रश्नच मिटला. आता चौकशी पूर्ण होईपर्यंत इथे यंत्रही आणता येणार नाही. दोरी बांधून टाकतो."

"चौकशीला किती दिवस लागतील?" साहेबांनी विव्हळत विचारलं.

"ते कोण सांगणार?"

दुपारपर्यंत पट्ट्याभोवती दोरी आली आणि पाटी लागली: 'येथे पाय मुरगळतो. पुढे जाऊ नये.' पाटीवर सर्वांत आधी चिखल्याच येऊन बसल्याचं नंतर एकाने सांगितलं, पण त्याला पुरावा नाही.

घरी साहेब पायाला पट्टी गुंडाळून आरामखुर्चीत बसून राहिले. आयुष्यातला पहिला खोटा दावा, आणि तो कोणी न बघता, न तपासता, जागच्या जागी मंजूर झाला होता. आपण वाचलो याचं बरं वाटावं, की कामाचा दर्जा इतका घसरल्याचं दुःख करावं, हे त्यांना कळत नव्हतं. बायको सकाळपासून काहीच बोलली नव्हती. ते जास्त अवघड होतं.

संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. सेक्रेटरीबाईंचा आवाज, हेडमास्तरांच्या काठीचा आवाज. तब्येतीच्या चौकशीला येत होते. साहेब सावरून बसले.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्या पायाकडे बघत उभी राहिली.

"तीन आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"अंडी. तुम्ही सगळ्यांना घेऊन गेलात आणि तो लगेच येऊन बसला. होडीवरून सरळ दिसत होतं. लोक परत फिरले तसा पुन्हा पंख ओढत निघाला."

साहेबांचा चेहरा उजळला. "मग तू तिथे सांगितलं का नाहीस?"

"माझं कोणी खरं मानलं असतं?"

दारावरची घंटा वाजली. ते उठायला लागले, तशी बायकोने हातानेच थांबवलं. मग खुर्चीचा दांडा धरून, सावकाश, तोंड आवळत, ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या पायाची पट्टी सोडू लागली.

"अगं, काय करतेस? ते आले!"

"किनाऱ्यावर डावा सांगितलात." तिने सोडलेली पट्टी डाव्या पायाला भराभर गुंडाळली आणि टोक खोचलं. "बांधलीत उजव्याला."

साहेब आपल्या दोन्ही पायांकडे बघत राहिले. घंटा पुन्हा वाजली. बायको उठायला गेली आणि अर्ध्यात थांबली. तिचा हात गुडघ्यावर गेला होता. साहेबांनी तिला धरून उठवलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

"दुखतोय?"

"हो."

कुठला, हा शब्द त्यांच्या जिभेच्या टोकाशी आला होता. तो त्यांनी गिळला. कपाटातून मलमाची डबी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तू बस. दार मी उघडतो."

"अहो," ती मागून हळूच म्हणाली, "जरा जास्त ओढा पाय. तो पक्षी पंख तुमच्यापेक्षा चांगला ओढत होता."